कॉलनी ते बाजार ९०० मीटर पायी: रस्ता नव्याने होतोय, नेमकं काय मोजायचं आणि काय मागायचं?

केळीबाग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न खान्देशातल्या एका जिल्ह्याच्या गावातला आहे. पण धुळे, जळगाव, नंदुरबार, भुसावळ, कुठल्याही नव्या कॉलनीबाहेर असाच रस्ता दिसेल, म्हणून इथे मांडतोय.

कॉलनीपासून भाजीबाजार ९०० मीटर. वाटेत शाळा, दोन दवाखाने, दूध डेअरी. चालत गेलं तर बारा मिनिटं. तरी अर्धा लिटर दुधासाठीसुद्धा घरोघरी गाडीला किक बसते. दिवाळीनंतर या रस्त्याचं डांबरीकरण आणि फूटपाथ होणार आहे. काम सुरू व्हायच्या आत लेखी मागणी द्यायचं कॉलनीत ठरलंय. 'फूटपाथ चांगला करावा' असं मोघम लिहिलं तर ते फाईलला लागून पडतं, म्हणून आकड्यांत लिहायचं आहे.

आजची स्थिती अशी: डीपीत (शहराच्या विकास योजनेत) रस्ता १५ मीटर. प्रत्यक्षात भिंतीपासून भिंतीपर्यंत बहुतेक ठिकाणी १४, एका टप्प्यात साडेबारा. फूटपाथ म्हणजे गटारावरचे स्लॅब, रुंदी ४ फूट, उंची कुठे ८ इंच तर कुठे दीड फूट. एका बाजूला ३१ गेटं, प्रत्येकासमोर रॅम्प. मध्ये दोन डीपी (विजेचे ट्रान्सफॉर्मर), ११ खांब, एक बाक. शेवटी शहरातून जाणारा चौपदरी महामार्ग ओलांडायचा. सावली फक्त शाळेसमोरच्या दोन निंबांची.

फूटपाथ कसा मागायचा, महामार्गाचं काय करायचं आणि एप्रिल-मे महिन्यात हा रस्ता चालण्यालायक कसा राहील, हे जाणकारांनी सांगावं.

---

पांझराकाठ

केळीबाग भाऊ, मोजमापं घेतलीत हे फार बरं केलंत. त्यात मला सगळ्यात मोठा आकडा दिसतो तो ३१ गेटांचा. ९०० मीटरमध्ये ३१ म्हणजे दर २९ मीटरला एकदा उतरा, एकदा चढा. गुडघे दुखणारं माणूस दीड फुटाच्या स्लॅबवर ३१ वेळा चढउतार करत नाही, ते खाली डांबरावरूनच चालतं. मग 'फूटपाथ बांधला तरी लोक वापरत नाहीत' असा शेरा मारायला सगळे मोकळे. लोक वापरत नाहीत कारण तो सलग नाही. रुंदीपेक्षा आधी सलगपणा मागा.

इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. तिचा क्रमांक पत्रात लिहा. तिच्यानुसार वस्तीत चालण्याची मोकळी पट्टी किमान १.८ मीटर, व्यापारी भागात २.५ मीटर. मोकळी म्हणजे खांब, झाड, फलक, बाक वगळून उरलेली. कर्बची, म्हणजे फूटपाथच्या रस्त्याकडच्या कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिमी, म्हणजे ६ इंच. खांब, झाडं, बाक, कचरापेटी यांच्यासाठी कर्बलगत वेगळी पट्टी ठेवायची, निदान ६० सेंटिमीटरची.

आता गेटं. गेटासमोर फूटपाथ खाली उतरवायचा नाही, गाडीने फूटपाथवर चढायचं. उतार फक्त त्या कर्बलगतच्या ६० सेंटिमीटरमध्ये द्यायचा, चालण्याची पट्टी सपाट राहते. ६ इंच चढ दोन फुटांत दिला तर तो १:४ पडतो आणि चारचाकीचं पोट घासतं. म्हणून जिथे गेटं दाट आहेत तिथे फूटपाथची उंचीच ४ इंच ठेवा, उतार १:६ होतो आणि कुणाची तक्रार राहत नाही. घराबाहेर आलेले रॅम्प आणि पायऱ्या कंपाउंडच्या आत गेल्या पाहिजेत. यावर भांडण होणार, ते कामाआधी होऊ द्या.

फूटपाथ दीड फूट उंच का होतो? स्लॅब गटाराच्या भिंतीवर टाकतात आणि ती भिंत आधीच उंच असते. ती कापून स्लॅब खाली घ्यावा लागतो. ही बाब एस्टिमेटमध्ये वेगळी लिहिलेली नसेल तर ठेकेदार करणार नाही, कारण तिचे पैसे त्याला मिळत नाहीत. शिवाय दर चार-पाच मीटरला उचलता येणारं झाकण हवं. नाहीतर पहिल्या पावसात गटार तुंबतं, जेसीबी येतो, स्लॅब फोडतो आणि तो खड्डा वर्षभर तसाच राहतो.

दुसरं म्हणजे डांबरावर डांबर. दर वेळी ४०-५० मिमीचा थर चढतो. चार वेळा काम झालं की रस्ता अर्धा फूट वर येतो, फूटपाथ रस्त्याच्या पातळीला जातो, गाड्या सरळ त्यावर चढतात. घरं खड्ड्यात जातात, पाणी अंगणात शिरतं, मग घरमालक ओटा आणि रॅम्प उंच करतो. तुमच्याकडचे रॅम्प बहुतेक असेच वाढले असतील. उपाय एकच: जुना थर मिलिंग मशीनने खरवडून काढायचा आणि तेवढ्याच जाडीचा नवा टाकायचा. 'मिलिंग' हा शब्द एस्टिमेटमध्ये शोधा. नसेल तर मागणीत पहिल्या क्रमांकावर तोच लिहा.

तिसरं आपल्या भागापुरतं. तापीच्या खोऱ्यात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हर ब्लॉक बसवले की दोन पावसाळ्यांत फूटपाथ लाटेसारखा होतो आणि ठेच लागते. निदान एक फूट काळी माती काढून मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबून भरायचा. त्यावर वाळूचा थर २५ ते ४० मिमी, त्याहून जाड नको. खाली नीट दाबायचा कंटाळा असला की लेव्हल काढायला चार-चार इंच डस्ट ओततात, आणि तीच डस्ट पुढे बसते. ब्लॉक चालण्याच्या पट्टीत ६० मिमी, गेटासमोर गाडी जाते तिथे ८० मिमी. चकचकीत टाईल्स नकोत, जुलैत पाय घसरतो. पाणी निघायला रस्त्याच्या बाजूला ५० ला १ उतार.

साडेबारा मीटरच्या टप्प्याचा हिशेब आत्ताच मांडा. दोन्हीकडे ०.६ अधिक १.८ म्हणजे ४.८ मीटर. मध्ये ३-३ मीटरच्या दोन लेन, ६ मीटर. उरले १.७. त्यात चारचाकीचं पार्किंग बसत नाही. तिथे पार्किंग नाही, हे नकाशावरच लिहून घ्या. नाहीतर ते १.७ मीटर फूटपाथमधून कापून घेतले जातात.

एक बारीक गोष्ट: पत्रात 'दोन डीपी' लिहू नका. नगररचना विभागात डीपी म्हणजे विकास योजना. ट्रान्सफॉर्मरला 'रोहित्र' लिहा, महावितरणच्या कागदात तोच शब्द असतो. ते हलवण्याचा खर्चही रस्त्याच्याच एस्टिमेटमध्ये धरायला सांगा, मागाहून कुणी देत नाही.

---

गल्ली_पाचवी

पांझराकाठ यांनी फूटपाथचं नेमकं सांगितलं. पण माणूस चालेल की नाही हे फूटपाथच्या आधी गल्ल्यांच्या जाळ्यावर ठरतं, ते कुणी मोजत नाही.

धुळ्याचं जुनं गाव बघा. १८१९ च्या सुमाराला कॅप्टन ब्रिग्ज यांनी खान्देशाचं मुख्य ठाणं म्हणून धुळं निवडलं आणि नवी वस्ती सरळ रेषेत आखली. आजही लोक गल्ली नंबरानेच पत्ता सांगतात. अशा जाळ्यात एक गल्ली बंद असली तर शेजारची धरता येते, दुकान-घर-शाळा जवळजवळ, वळसा नाही. आता बाहेरच्या अंगाला शेतं बिनशेती होऊन पडलेले लेआउट बघा. प्रत्येक लेआउटचे रस्ते आपल्यापुरते, शेवटी कंपाउंडची भिंत. शेजारच्या कॉलनीतलं घर गच्चीवरून दिसतं, पण जायला मुख्य रस्त्यावर येऊन पुन्हा आत शिरावं लागतं. सरळ अंतर २०० मीटर, चाल ८०० मीटर.

म्हणून एक मोजणी करा. कॉलनीतली आठ-दहा घरं घ्या. प्रत्येकापासून बाजारापर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर मोबाईलच्या नकाशावर मोजा, मग खरं चालण्याचं अंतर. दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर १.३ पर्यंत असेल तर चांगलं. दीडच्या वर गेलं की लोक गाडी काढतात. जिथे दोन-अडीच येतं, तिथे भिंतीत दोन मीटरची बोळ काढता येते का बघा. बऱ्याचदा दोन लेआउटच्या ओपन स्पेस पाठीला पाठ लावून असतात, मध्ये फक्त भिंत. दोन्ही कॉलन्यांची संमती आणि मनपाची परवानगी, एवढ्यावर काम होतं. खर्च भिंत फोडण्याचा, एका दिव्याचा आणि दुचाकी अडवणाऱ्या आडव्या-तिडव्या दोन रेलिंगांचा.

दुसरी कल्पना स्वस्त आहे. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा गावाने १९९९ पासून जुन्या गावातून गाड्या हळूहळू बाहेर काढल्या. ते गाव लोकसंख्येने आपल्या भुसावळच्या निम्म्याहून लहान. त्यांनी २०११ मध्ये 'मेट्रोमिनुतो' नावाचा नकाशा छापला. मेट्रोच्या नकाशासारखा दिसतो, पण रेषा चालण्याच्या आणि आकडे मिनिटांचे. जळगावात असा नकाशा एका दिवसात तयार होईल: रेल्वे स्टेशन, नेहरू चौक, टॉवर चौक, फुले मार्केट, गोलाणी मार्केट, कोर्ट चौक, बसस्थानक. ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या चालीने घड्याळ लावून चाला आणि मिनिटं लिहा. अंतर किलोमीटरमध्ये सांगितलं की लांब वाटतं. 'सहा मिनिटं' म्हटलं की माणूस विचार करतो.

---

चौफुली

मी फक्त महामार्गाचं लिहितो, कारण बाकीचे ८५० मीटर कितीही सुंदर झाले तरी आई मुलाला एकट्याला पाठवेल की नाही हे त्या शेवटच्या ५० मीटरवर ठरतं.

हिशेब साधा आहे. चौपदरी म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून १४ मीटर डांबर. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, त्याला १२ सेकंद लागतात. म्हातारं माणूस किंवा दप्तरवालं लहान मूल ०.९ ने, त्याला १६ सेकंद. ताशी ६० ने येणारी गाडी १२ सेकंदांत २०० मीटर येते. म्हणजे एका दमात ओलांडायचं तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी २०० मीटर रिकामे हवेत. शहरातल्या महामार्गावर असा क्षण येतच नाही, म्हणून लोक धावतात. मध्ये उभं राहायला जागा दिली की एका वेळी ७ मीटर आणि ६ सेकंद, एकाच बाजूचे १०० मीटर पुरतात. डोकं एकाच दिशेला वळवावं लागतं. दुभाजकातली ही जागा महामार्ग ओलांडण्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

ती जागा २ मीटर खोल हवी, सायकल किंवा बाबागाडी मावेल एवढी. दुभाजक नुसता तोडून ठेवू नका, तिथून दुचाकी वळू लागतात. रेलिंग लावून वाट थोडी डावीकडे सरकवायची: अर्धा रस्ता ओलांडला, मध्ये डावीकडे दोन-तीन पावलं, मग पुढचा अर्धा. असं केल्याने माणसाचं तोंड आपोआप समोरून येणाऱ्या गाड्यांकडे होतं. दुभाजकातली झुडपं तिथून दोन्ही बाजूंना २०-२५ मीटरपर्यंत गुडघ्याच्या खाली छाटलेली हवीत. कण्हेर फुलली की शोभा दिसते, मूल दिसत नाही.

वेगाचं गणितही पत्रात टाका. ताशी ५० ने चालणारी गाडी थांबायला साधारण २८ मीटर लागतात, त्यात चालक ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच १४ जातात. ताशी ३० ला सगळं मिळून १३ मीटर. म्हणजे २० मीटरवर मूल दिसलं तर एक गाडी थांबते आणि दुसरी अंगावर जाते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे, कुणी खोडून काढणार नाही.

पादचारी पूल मागू नका. महामार्गावर साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते, त्यावर पुलाची जाडी. चाळीसेक पायऱ्या वर, तेवढ्याच खाली. १:१२ चा रॅम्प केला तर एका बाजूला ७० मीटरहून लांब. भाजीची पिशवी घेऊन कुणी चढत नाही, खाली रेलिंगमधला एक गज वाकवून वाट काढतात. भुयारी मार्गही उताराची जागा बघूनच. पाणी काढायला पंप लागत असेल तर पहिल्या मोठ्या पावसात तो बंद पडलेला असणार.

सिग्नल बसणार असेल तर चालणाऱ्यांचा हिरवा दिवा १६ सेकंदांच्या हिशेबाने मागा. आणि लाल दिव्यावर त्यांना अर्ध्या मिनिटापेक्षा फार जास्त उभं करू नका, लोक मोडतात तो सिग्नल. पट्टे थर्मोप्लास्टिकचे, अडीच मिमी जाड. साधा ऑइलपेंट चार महिन्यांत जातो. गाड्यांची थांबरेषा झेब्र्याच्या निदान एक मीटर मागे.

आणि सगळ्यात आधी एक पत्र: हा तुकडा आज कोणाच्या ताब्यात आहे? महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकामचा राष्ट्रीय महामार्ग विभाग की महापालिका? याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत दुसरं पत्र लिहू नका, प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

---

केळीबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन अडचणी राहतात. बाजाराजवळच्या शेवटच्या २०० मीटरमध्ये दुकानदारांचं म्हणणं आहे की दुकानासमोर गाडी लावू दिली नाही तर गिऱ्हाईक तुटेल. आणि तिथेच भाजी-फळांच्या हातगाड्या उभ्या असतात. कॉलनीतले काही जण म्हणतात आधी त्या उठवा. दुसरं, शाळेसमोर स्पीडब्रेकर मागायचा का?

---

मोजपट्टी

दुकानदारांशी वाद घालू नका, मोजणी दाखवा. एक कामाचा दिवस धरा. सकाळी १० ते रात्री ८, दर अर्ध्या तासाने त्या २०० मीटरमध्ये उभ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, शेवटचे चार आकडे पुरे. दोघांचं काम आहे, वहीत रकाने पाडा. रात्री बघा की कुठली गाडी सलग किती वेळा आली. जी गाडी दहा-बारा रकान्यांत सलग दिसते ती गिऱ्हाइकाची नसते. ती दुकानदाराची, नोकराची किंवा वरच्या क्लासमधल्या मुलाची. दुकानापुढची जागा गिऱ्हाइकासाठी हवी असं दुकानदार म्हणतात, आणि ती दिवसभर अडवलेली असते घरच्याच गाड्यांनी. ही वही समोर ठेवली की बोलणं बदलतं. उपायही तिथूनच निघतो: दुकानदार आणि नोकरांच्या गाड्या मागच्या गल्लीत किंवा मैदानावर, समोर फक्त अर्ध्या तासाची जागा.

एका चारचाकीला अडीच बाय पाच मीटर लागतात. तेवढ्याच जागेत सहा दुचाक्या उभ्या राहतात, किंवा चार हातगाड्या लावून चार घरं चालतात. एक चारचाकी फार तर एका दुकानात चार माणसं आणते. चालणारा माणूस दहा दुकानांसमोरून जातो.

हातगाड्या उठवण्याच्या मागणीला माझा ठाम विरोध आहे. ताजी मेथी, वांगी रस्त्यात मिळतात म्हणूनच माणूस पायी निघतो. संध्याकाळी साडेसातला बाईमाणसाला त्या रस्त्यावरून निर्धास्त जाता येतं ते त्या गाड्यांवरच्या दिव्यांमुळे आणि तिथे उभ्या असलेल्या माणसांमुळे. कायदाही तेच सांगतो. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हुसकता येत नाही. तुम्ही मागायचं ते असं: कर्बलगत दीड ते दोन मीटरची आखलेली पट्टी, प्रत्येक गाडीला रंगाने चौकोन, मागे १.८ मीटर चालण्याची पट्टी मोकळी. गिऱ्हाईक उभं राहायला गाडी आणि चालण्याची पट्टी यांत अर्धा मीटर सोडा. तो सोडला नाही की भाव करणारी माणसं वाट अडवतात आणि दोष विक्रेत्याला लागतो.

---

उतार_१_१२

स्पीडब्रेकरचं सांगतो. आपल्याकडे रातोरात घालतात तो फूटभर रुंद, पाच-सहा इंच उंच वरवंटा मागू नका. त्याने कंबर जाते, रिक्षातल्या गरोदर बाईला धक्का बसतो, आणि दुचाकीवाले तो टाळायला गटाराकडच्या फटीतून, म्हणजे चालणाऱ्याच्या अंगावरून जातात. आयआरसीचा गोल हंप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, गाडी ताशी २५ च्या आसपास येते आणि आदळत नाही.

शाळेसमोर त्याहून चांगलं म्हणजे उंचावलेला झेब्रा. फूटपाथच्या उंचीवरूनच रस्ता ओलांडायचा, वरचा सपाट भाग निदान ३ मीटर. मूल खाली उतरत नाही, गाडी वर चढते. हे काम फसतं ते पाण्यामुळे. कर्बलगतचं वाहणारं पाणी या उंचवट्याला अडतं आणि पहिल्या पावसात शाळेसमोर तळं होतं. म्हणून चढाच्या बाजूला आधी पाणी घेणारी जाळी आणि खालून पाइप हवा. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या, फट अर्ध्या इंचाची. उभ्या पट्ट्यांत सायकलचं चाक आणि काठीचं टोक अडकतं.

बोलार्डबद्दल एक सावधगिरी. फूटपाथवर दुचाकी चढू नये म्हणून दीड-दीड फुटावर खांब ठोकतात. व्हीलचेअरला मोकळे ९० सेंटिमीटर तरी हवेत, आणि तेवढ्यातून दुचाकी आरामात जाते. म्हणजे बोलार्ड चारचाकी अडवतो, दुचाकी नाही. दुचाकी अडवायला आडव्या दोन रेलिंगांची नागमोडी वाट लागते. तीही गल्ली_पाचवी यांनी सांगितलेल्या बोळीला ठीक, मुख्य फूटपाथवर नको. अशा वाटेत व्हीलचेअर वळेल एवढी, म्हणजे दीड मीटर जागा मध्ये सोडा. मुख्य फूटपाथवर दुचाकी चढते ती खालचा रस्ता तुंबतो म्हणून. पार्किंग हटलं की बरीचशी आपोआप उतरते.

अंध व्यक्तींसाठीची पिवळी ठिपक्या-रेषांची टाईल लावणार असतील तर ती झाकणांवरून, खांबात जाऊन थांबणारी नको. खांबाला आपटणारी पिवळी रेघ नसलेली बरी.

---

कडुनिंब

उन्हाचं मी सांगतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४५ ला जातो. जळगाव, धुळे साधारण २१ अक्षांशावर, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावली. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी इमारतींची सावली रस्त्याला मिळतच नाही, फक्त झाडाची छत्री उपयोगाची. तुमचा रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या फूटपाथवर सावली असते. पैसे एकाच बाजूपुरते असतील तर पश्चिमेकडून सुरुवात करा, चारनंतरच्या बाजाराला ती कामी येते.

झाडं निंब आणि करंज. निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो, पण एप्रिलपर्यंत पुन्हा भरतो, ऐन गरजेला छत्री तयार. करंज गर्द आणि पसरट. विजेच्या तारांखाली बहावा किंवा कांचन, नाहीतर दरवर्षी तारांसाठी अर्धं झाड कापतात. गुलमोहर चालण्याच्या वाटेवर नको, फांदी ठिसूळ आणि मुळं वरवर, ब्लॉक उचलतात.

अंतर ७-८ मीटर. खड्डा चार फूट लांब-रुंद, तीन फूट खोल. आपली काळी माती पाणी धरून मुळं कुजवते, म्हणून निम्मी माती, बाकी शेणखत आणि मुरूम. रोप ८-१० फुटांचं घ्या, खालचे सहा-सात फूट खोड मोकळं, म्हणजे फांदी डोळ्यात जात नाही. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा २०-२० लिटर. हे पाणी कोण घालणार त्याचं नाव लिहिल्याशिवाय झाड मागू नका. आणि खोडाला भिडून सिमेंट ओतू देऊ नका. चारही बाजूंनी दोन फूट खडी भरलेली मोकळी ठेवा. शाळेसमोरचे दोन निंब रस्तारुंदीच्या नकाशात 'कायम' असे दाखवलेत का, हे आजच बघून घ्या.

झाडं वाढेपर्यंत पाच-सात वर्षं जातील. तोवर बाजाराची वेळ सकाळी साडेनऊच्या आत किंवा साडेपाचनंतर, डोक्यावर ओला रुमाल किंवा छत्री, निघताना तांब्याभर पाणी. दर २०० मीटरला सावलीतला पाठ असलेला बाक. म्हातारी माणसं अंतराला भीत नाहीत, बसायला जागा नसण्याला भितात.

---

तापीकाठ

लोकांना पटवताना पेट्रोलचा मुद्दा पुढे करू नका, टिकत नाही. रोज जाऊन-येऊन १.८ किलोमीटर, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ५४० किलोमीटर. दुचाकी ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर वर्षाला १२ लिटर. एवढ्यासाठी कुणी गाडी सोडत नाही. चारचाकीचं मात्र सांगा. ९०० मीटरमध्ये इंजिन तापतच नाही. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, धूर गाळणारा कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय कामाला लागत नाही, ऑइलमध्ये ओल साचते, स्टार्टरने खाल्लेली बॅटरी परत भरत नाही. लहान फेऱ्यांनीच गाडी लवकर म्हातारी होते.

वेळेचंही तपासून सांगा. गाडी काढणं, गर्दीतून जाणं, लावायला जागा शोधणं मिळून सात-आठ मिनिटं होतात. चालत बारा.

तब्येतीचं एवढं पुरे: जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. बाजाराची जाऊन-येऊन फेरी २४ मिनिटांची, आठवड्यात सहा वेळा केली की १४४. घरात कुणाला साखर असेल तर जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चाल विशेष उपयोगी, कारण चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरचा चढ कमी राहतो.

---

केळीबाग

आता मागणीचा कागद तयार होतोय. शेवटचं एक विचारतो: एस्टिमेट पाहायला कसं मिळेल? तोंडी विचारलं तर 'मंजुरीला गेलंय' एवढंच कळतं.

---

पांझराकाठ

माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून रस्ता, झाडं आणि रोहित्र यांचे तीन वेगळे अर्ज करा. बांधकाम विभागाला मागायचं ते: मंजूर एस्टिमेटची प्रत, रस्त्याचा आडवा छेद, कार्यादेश आणि दोष दायित्व कालावधी (ज्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, ती). प्रतींबरोबर फाईलची प्रत्यक्ष पाहणीही मागा, पहिला तास मोफत असतो आणि नकाशे तिथेच नीट बघता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दिवाळीनंतर काम आहे म्हणता, तर अर्ज गणपतीच्या आधीच गेले पाहिजेत.

मागणीपत्रात मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नमूद करा. दिव्यांगांनाही वापरता येईल असा, अडथळे नसलेला फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलं आहे. पत्राला तुमचा मोजणीचा तक्ता जोडा: दर ५० मीटरला भिंत ते भिंत रुंदी, फूटपाथची उंची, अडथळा काय, आणि प्रत्येक ठिकाणचा टेप लावलेला फोटो. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय प्रत देऊ नका.

एस्टिमेट हातात आलं की चार बाबी शोधा: मिलिंग, गटाराच्या भिंतीची कापणी, मुरूम भराव आणि रोहित्र स्थलांतर. यातली एक जरी नसली तरी कार्यादेश निघायच्या आत सुधारित एस्टिमेट मागा. डांबर पडायला लागल्यावर साइटवर कुणी सहा इंचही इकडेतिकडे करत नाही. काम सुरू होईल त्या दिवशी मात्र दोघांनी एक पारदर्शक नळी पाण्याने भरून घेऊन जा. एक टोक पहिल्या गेटाच्या उंबऱ्याला, दुसरं कर्बच्या दोरीला. दोरी उंबऱ्याच्या वर असेल तर तिथेच काम थांबवायला सांगा, कारण पाणी त्या घरात जाणार आणि तुमचा बत्तिसावा रॅम्प तिथून सुरू होणार.